काकांचा शांत स्वभाव

मंगळवार, दिवेलागण

तो चहाचा कप डोक्यातून जात नाही. मधू गॅलरीत बसलाय, कप हातात, चहावर साय धरलेली. औषधानं त्याला ऐकू येणारे आवाज थांबले खरे, पण माझा भाऊच पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. हाक मारली की खूप खोलातून वर येतो.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचं शरीर हे औषध फार सावकाश जिरवतं. ते रक्तात साठत जातं आणि नेहमीचा डोसही जास्त होतो. हे घराण्यातून येऊ शकतं. "घरात आणखी कुणी असं औषध घेत होतं का?" त्यांनी विचारलं. आई लगेच "नाही" म्हणाली. आमच्याकडे असंच म्हणायची रीत.

मग काका? जामबागच्या जुन्या घरात शेवटपर्यंत खिडकीशी बसलेले, हातात असाच कप, अशीच साय. गोळ्या आईच द्यायची. आम्हाला मात्र एवढंच सांगितलेलं, काकांचा स्वभावच शांत.

येताना ऑटोत मी म्हटलं, "उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करून काकांचं सांगते. तपासून मधूचा डोस कमी करता येईल." आई नक्को म्हणेल असं वाटलं होतं.  पण सुलतान बाजार मागं पडल्यावर म्हणाली, "हौ, सांग." आणि थोड्या वेळानं, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते तसेच. म्हणजे शांत नव्हतेच का गं ते?"

 काका मुळात कसे होते, हे ठाऊक असलेलं आता कुणी उरलं नाही.

मधू बडबड्या होता. ते मला ठाऊक आहे.