घट्ट आवळलेला नळ

बाबा, डोंबिवलीच्या घरातला सिंकचा नळ मी गेल्या महिन्यात दुरुस्त केला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात काही केलं की तुम्हाला दाखवावंसं वाटतं, निदान तुम्ही त्यात काहीतरी खोट काढाल म्हणून. नळ ठिबकत होता. आईने खाली पातेलं लावलं होतं आणि साठलेलं पाणी ती कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. मी कोलशेतच्या माझ्या घरून आलो की आधी ते पातेलं दिसायचं आणि माझं पालुपद सुरू व्हायचं: एकटी कशाला राहतेस, साधा नळ तुला बंद करता येत नाही, चल आमच्याकडे. ती म्हणायची, "नळासाठी घर सोडू होय रे?"

शेवटी एका रविवारी वायसर आणला, मेन कॉक बंद केला आणि तुमच्याच पान्ह्याने नळ खोलला. जुना वायसर चेपून पापडासारखा पातळ झाला होता. नवा बसवला आणि तुमच्यासारखा तो शेवटचा अर्धा फेरा दात-ओठ खाऊन दिला. थेंब थांबला. आईलाही बजावलं की बंद करताना असाच जोर लाव, आणि निघताना पुन्हा एकदा आवळून आलो.

हा अर्धा फेरा मला कुठून लागला, ते तुम्हाला आठवत नसेल. मी खाली बॅटिंग करतोय आणि तुम्ही कंपाउंडपाशी उभे, अंगात ऑफिसचा शर्ट. "वर ये. नळ ठिबकतोय." सगळी पोरं बघतायत. मी वर येऊन नळ बंद करतो, तुम्ही हात लावून बघता आणि आणखी आवळता. "एक नळ धड बंद करता येत नाही आणि निघाले बॅट धरायला!" मी खाली जातो तोवर माझी बॅटिंग दुसऱ्याला दिलेली असते. तुम्ही मनानेही तसेच घट्ट आहात, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि पुढे कधी तपासून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी जिन्यात शेजारची वहिनी भेटली. "दादा, नळ केलात ते बरं झालं, पण काकू रात्री तुम्ही सांगितलंत तसा जोर लावून आवळतात आणि सकाळी त्यांना तो उघडतच नाही. रोज सकाळी मी येते उघडायला. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

आई मेथी निवडत बसली होती. बोटांचे सांधे सुजलेले. "तुला सांगितलं असतं तर तू माझी बॅगच भरली असतीस," ती म्हणाली. ते खरंच होतं. मी विचारलं, "बाबा तर याहून घट्ट आवळायचे. तेव्हा काय करायचीस?"

"अरे, रात्री आवळायचे तेच, आणि सकाळी माझ्याआधी उठून सैल करायचेही तेच. मला कधी जोर लावावाच लागला नाही."

मी उठायचो तेव्हा चहा झालेला असायचा, त्यामुळे हे मी कधी पाहिलंच नाही. ऐकून आधी तुमचा रागच आला. एवढं एकदा सांगायला काय झालं होतं?

त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून दांडीचा नळ आणला. बोटाने दांडी उचलली की पाणी येतं, आवळायची भानगडच नाही. आईने दोनदा उघडून-मिटून बघितला आणि "बरा आहे" म्हणाली. ती तिथेच राहणार. मी तो विषय आता काढत नाही.

आमच्या बाल्कनीतला नळ अजून जुन्या पद्धतीचा आहे. रात्री तो मी आवळतो आणि सकाळी धुण्याच्या वेळी बायको दोन्ही हातांनी उघडते, तेव्हा मी पेपर वाचत असतो. आज लवकर उठून तो अर्धा फेरा सैल करून ठेवला. ती आली, एका हाताने नळ उघडला, जरा थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी पेपरमध्ये डोकं घातलं. सांगायला काय झालं होतं, ते मलाही माहीत नाही.