दादा सावत्र ठरला

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. आज तीच कामाला येणार. आपल्या दादाला चर्चच्या कमिटीने काढून टाकलं! शिंपीणबाईच्या दुसऱ्या लग्नात ऑर्गन वाजवला, हा त्याचा गुन्हा. तिचा पहिला नवरा अजून जिवंत आहे म्हणे. अगं, तो जिवंत आहे म्हणूनच तर बिचारी पळाली!

ज्याने उभी हयात यांच्या पोरांची लग्नं वाजवली, त्याच्याकडून ऑर्गनची किल्ली काढून घेतली. सभेत सगळे मूग गिळून बसले. डॉक्टरीणबाई पर्स आवरत होती, कंपाउंडर छताकडे बघत होता. शेळपट मेले!

रविवारचं शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. शिष्य पेत्र प्रभू येशूची ओळखच नाकारतो, तोच भाग. असा वाचीन की एकेकाला बाक टोचेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आक्का

७ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की आक्का कमिटीत असत्या तर कमिटीच उरली नसती. खूप हसलो. मग मी अडखळले. कोण काय करत होतं ते सगळं लिहिलंस, तू काय केलंस ते कुठेच नाही. दादाला फोन केला, तर तो तुझा विषयच टाळतो. रागावू नकोस, पण काय झालं ते लिही.

माया असू दे.
तुझी धाकटी

१५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

गप्प बसले असते तर बरं झालं असतं गं. कमिटीच्या चिटणीसांनी भर सभेत विचारलं की हे तुमचे भाऊ, तुम्हाला लग्नाचं ठाऊक असेलच. मी म्हटलं की सावत्र आहेत, आमचं फारसं येणं-जाणं नाही. आपल्या घरात हा शब्द आईनेसुद्धा कधी उच्चारला नाही. मला वाचन जायची भीती वाटली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं ऐकतं कोण? रविवारी तेवढे लोक तोंड मिटून बसतात.

वाचलं मी. लहानपणी शाळेत नन्सनी घासून घेतलेला आवाज, खणखणीत. पेत्र शपथेवर सांगतो की या माणसाशी आपली ओळख नाही, तिथे मान वर केली, तर शेवटच्या बाकावर दादा. नंतर येऊन म्हणाला की उच्चार फार स्वच्छ होते.

सोमवारी कमिटीपुढे उभी राहिले. सांगितलं की तो माझा भाऊ आहे आणि त्या लग्नात मी पुढच्या रांगेत होते. वाचन गेलं. दादाची किल्ली मात्र मिळाली नाही. तिथेच कळलं की चिटणीसांनी त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता की ती म्हणते ते खरं आहे, सावत्रच, तिला यात ओढू नका.

तशीच त्याच्या घरी गेले. तो चिडला, की मुद्दाम तुला वाचवलं आणि तू सगळं घालवून आलीस. मी माफीसाठी तोंड उघडलं, तर चहा टाकायला उठला. मग शिंपीणबाईचा नवा नवरा किती हसरा आहे, तेच सांगत बसला. चार शिव्या घातल्या असत्या, तर निदान उलट बोलता आलं असतं.

लोभ ठेव म्हणायला आज जीभ रेटत नाही. तुला जमेल तसं कर.
आक्का