सहाव्या प्रश्नाचे दोन मार्क

१४ मे, कॉलेज, स्टाफरूम

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायला तू समोर नाहीस, आणि असतीस तर पाठीत धपाटाच घातला असतास. गुडघा कसा आहे? शिलाई मशीनवरून मधेमधे उठतेस ना?

काल फोनवर तू म्हणालीस, "खरं सांग, तू खटपट केलीस ना? वशिल्याची सी ग्रेड मला नको. गणिताच्या पुढच्या वर्गाचा फॉर्म मी भरणार नाही." आणि फोन आपटलास. मी गप्प बसले, म्हणून तुझा संशय आणखी पक्का झाला असेल. गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं.

आधी ग्रेड कशी ठरते ते ऐक. तुमच्या संध्याकाळच्या वर्गाचे दोनशे बारा पेपर, प्रत्येकाचा नावाचा कोपरा दुमडून चिकटवलेला. आम्ही सहा जण एका लांब टेबलाशी बसतो आणि प्रत्येक जण एकच प्रश्न सगळ्यांचा तपासतो. मग आमचे विभागप्रमुख नावाशिवाय नुसत्या बेरजा फळ्यावर उतरवतात आणि जिथे मोठी फट दिसेल तिथे रेघ मारतात. यंदा बेचाळीसनंतर एकदम शेहेचाळीस होते. पासची रेघ तिथे पडली. तुझे एकोणपन्नास.

सहावा प्रश्न माझ्याकडे होता. एका बाजूला भिंत, अठ्ठावीस मीटर तार, जास्तीत जास्त जागेचं आयताकृती कुंपण घाला. उत्तरसूचीत डेरिव्हेटिव्ह काढून सोडवलेलं.

दर दहावा पेपर प्रमुख स्वतः पुन्हा बघतात. एका पेपरपाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. "सगळे इकडे या," म्हणाले. आम्ही मागे उभे राहिलो.

लिहिलं होतं: भिंत म्हणजे कापडाची घडी समजा. घडी उलगडली की तार दुप्पट, छप्पन्न मीटर, आणि आयत पूर्ण. आता चौरसाची एक बाजू थोडी वाढवली की दुसरी तेवढीच कमी होते, आणि त्या थोड्याच्या वर्गाएवढी जागा हातची जाते. म्हणून चौरसच मोठा, बाजू १४. परत घडी घाला: १४ आणि ७.

पंधरा वर्षं मी हा प्रश्न शिकवते आहे, ताई, आणि ती घडी मला एकदाही दिसली नाही. मग माझी नजर त्या सातावर गेली. पोटात आडवी रेघ. मापाच्या वहीत एक आणि सात यांची गल्लत होते म्हणून तू मलाही तसाच गिरवायला लावला होतास. शर्टाची पाठ तू घडीवर कापायचीस आणि मी टाचण्यांचा डबा धरून समोर बसलेली असायचे. तुझ्या मांडीवर हे गणित हजार वेळा उलगडलं असेल.

"अक्षर माझ्या बहिणीचं आहे," मी तिथेच सांगितलं. प्रमुख म्हणाले, "मग आता या पेपरला हात लावू नका." आणि त्यांनी दहापैकी दहा दिले, आधीचे मार्क खोडून.

आधीचे मार्क दोन होते. लाल शाईत, माझ्या हातचे. उत्तर बरोबर म्हणून दोन, डेरिव्हेटिव्ह नाही म्हणून बाकी शून्य. मी वाचलंच नव्हतं. माझ्या मार्कांनी तुझी बेरीज एक्केचाळीस होत होती, म्हणजे तू नापास. तुझा पेपर दहावा आला हे नशीब.

बाकीचे दोनशे अकरा मी पुन्हा वाचायला मागितले. दोन दिवस गेले. आणखी दोघांचे मार्क मी असेच कापले होते, ते सुधारले.

दहावीनंतर तू शाळा सोडलीस ती मी शिकावं म्हणून. त्या शिकलेपणाने मी तुझ्या पेपरचं काय केलं ते तुला कळायला हवं; फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. मला लाज वाटते, आणि तुझा अभिमान त्याहून जास्त वाटतो.

वशिला झाला नाही, ताई. झालं ते उलटंच. फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. राग माझ्यावर काढ, फॉर्मवर काढू नकोस.

तुला दहापैकी दोन देणारी,
धाकटी