खडीवरचा रस्ता

बाबा, तुमच्या धाकट्याचं तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे पुढचं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. तो तुमच्यासारखाच उंच झाला, तुमचं आचऱ्याचं गॅरेज त्यानेच चालवलं, आणि गेल्या वर्षी गणपती पाण्यात गेल्यावर आम्ही दोघं आपापल्या मोटरसायकली घेऊन थेट हिमाचलला निघालो. "खंय मराक जातास?" आई म्हणाली. ती नेहमीच असं म्हणते. आम्ही हसलो.

स्पितीत डांबर संपतं. मग डोंगरातून खरवडून काढलेली वाट, एका अंगाला दरी, आणि चाकांखाली नुसती सुटी खडी. मला भीती वाटली नाही. तुम्ही मला आपल्या सड्याच्या माळावर, डांबर न पडलेल्या खडीवरच गाडी शिकवली होती. मी पडले, गुडघा फुटला, तरी तुम्ही उचलायला आला नाहीत. लांबूनच ओरडलात, "दगडाक बघलंस म्हणान पडलंस! रस्तो खंय जाता थंय बघ गो!" आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती.

एका वळणावर धाकटा माझ्या पुढे आहे. मागचं चाक सरकतं आणि गाडीसकट तो खालच्या दगडांवर जातो. मी घसरत खाली पोचते. रक्त फारसं नाही, पण हँडल पोटात बसलंय आणि ओठ पांढरे पडलेत. मोबाइलला रेंज नाही. एक म्हातारा मेंढपाळ धावत आला, त्याने आपली घोंगडी त्याच्या अंगावर घातली. दवाखान्याचं गाव मागे, खूप लांब राहिलं होतं.

"माका तुका सोडून जावचा नाय," मी म्हटलं.

"जा गो ताय. तू बाबांसारखी चलवतंस. मी खंय जातंय? हंयच आसंय."

मी गेले. जीप घेऊन परतले तेव्हा म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून त्याने मान हलवली. मग हिंदीत विचारलं, "तो ताय, ताय म्हणत होता. ताय म्हणजे काय?"

गॅरेज आता बंद आहे. आई मला वाढते आणि आत जाते. कधीकधी वाटतं, तुम्ही मला इतकं चांगलं शिकवलं नसतं तर मी त्याच्याजवळ बसून राहिले असते. भांडायचं तर तुमच्याशीच, म्हणून हे लिहायला बसले. हे आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत काही पोचत नाही, म्हणूनच एवढं लिहिता येतंय. जीप आणायला जाताना त्या वाटेवर एक लांब उतार लागला. गाडी खडीवरून कशी सरळ, हलकी निघाली होती. बाबा, तेवढ्यापुरता तो मला आठवलाच नाही.