कातळावरच्या टापा

बाबा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि भांडण काढायला मला आत्ता सुचतंय. आरे-वारेला येणाऱ्या पर्यटकांच्या पोरांना फिरवायला म्हणून यंदा मी घोडी घेतली. विकणाऱ्याने किनाऱ्यावरच पळवून दाखवली. काय डौल! "ताई, गाय आहे गाय," म्हणाला. मी दात बघितले, मागून हात लावून बघितला, लाथ मारत नाही म्हटल्यावर व्यवहार पक्का. स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

मग एकदा डांबरी रस्त्यावर तिचा पुढचा पाय दुमडला. पाठीवर एक चिमुरडी होती. खोगिरावरून घसरली ती माझ्या हातात आली, म्हणून निभावलं. तिच्या आईने तिला माझ्या हातातून ओढून घेतलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, खुराचं जुनं दुखणं आहे, मऊ वाळूत कळून येत नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात. तुम्ही टांगेवाले, गावात कुणी घोडा घ्यायचा म्हटलं की तुम्हाला बोलावणं. तुम्ही तो वर कातळावर न्यायला लावता, त्याच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभे राहता. लोक हसतात. मी शेजारी बडबडत असते आणि तुम्ही खेकसता, "गप ऱ्हव गो, टापा आयकू दे!" बस, एवढंच. टापांत ऐकायचं काय, ते का नाही सांगितलंत? मला वाटायचं, वर वारा लागतो म्हणून जाता. अहो, पोटच्या पोरीला दोन वाक्यं सांगायला तुमचं काय जात होतं?

आज मुरुडहून एक जण घोडी बघायला आला. त्यालाही पोरंच फिरवायची आहेत. "बीचवरच दाखवा ना, ताई." दाखवली असती तर माझ्या गळ्यातली धोंड सुटली असती. पण मी त्याला कातळावर नेलं, पाठ करून उभं केलं आणि घोडी चालवली. एक टाप हलकी पडत होती. दुखरा पाय ती टेकवतच नाही नीट. त्याने ऐकलं, नको म्हणून मान हलवली आणि गेला. घोडी दारात वैरण चघळतेय, माझा सीझन बुडाला, आणि राग काढायला तुम्हीही नाही.

एक मात्र कबूल करते. आज तुम्ही असतात, तरी मी तुम्हाला न विचारताच घोडी घेतली असती. आणि घेतल्यावर पहिली तुमच्याच दारात आणून उभी केली असती.