जोंगखा, खोसा आणि आपली मेघा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२८ डिसेंबर

प्रिय विश्वजीत,

सप्रेम जय भीम. हातात फोन असताना हिनं कागद का काढला, म्हणून हसशील. हस. फोनवर बोलताना मेघा शेजारीच बसलेली असते आणि मला जे सांगायचंय ते तिच्यादेखत बोलता येत नाही. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. सावकाश वाच, गणिताचे पेपर तपासतोस तसं नको.

भूतानमधून, पारोहून येऊन आठवडा झाला. तिथल्या बर्फातून आल्यावर इथली माणसं स्वेटर घालून 'लई गारठा पडलाय' म्हणतात, त्याचं हसू येतं. काल मेघाला फ्रॉक घ्यायला गुलमंडीत गेले होते. दुकानदारानं माप विचारलं आणि मला सांगता येईना. शेवटी तुझ्या आईला, आत्यांना फोन लावून विचारलं.

पहिल्या वर्षी आपण दर रविवारी कसे भांडायचो, कुणाची भाषा अवघड म्हणून! इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून दोघंही कंटाळलो होतो. मला भूतानची शाळा मिळाली, तुला दक्षिण आफ्रिकेतली. चार वर्षांच्या मेघाला आत्यांजवळ ठेवलं आणि दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं एकमेकांना सांगितलं. तू म्हणायचास, माझ्या खोसापुढं तुझी जोंगखा म्हणजे दूधभात. मग एकेक आवाज काढून दाखवायचास. आपण हळहळताना 'च्च' करतो तो एक, बाटलीचं बूच निघाल्यासारखा दुसरा, आणि फर्दापूरचे तुझे फकिराआजोबा बैल हाकताना गालातून काढायचे तो तिसरा. आपण ज्यांना बोलण्यात धरतच नाही, त्या आवाजांची त्या लोकांनी अक्षरं केली, याचं तुला केवढं अप्रूप होतं. माझी जोंगखा हळू आवाजाची. तिच्यात सूर जरा वरखाली झाला की शब्द बदलतो, आणि बोलणं संपताना आदराचं 'ला' लागतं. आमचे हेडसर रागवायचे तेसुद्धा 'ला' लावून.

एक हिमालयातली, एक समुद्राकडची, दोघींचं सात पिढ्यांत नातं नाही. तरी आपण ते हुडकत बसायचो आणि एकदा सापडलंच. दोघींनाही मान देण्याची भारी हौस. माझ्याकडं मोठ्या माणसाच्या हाताला, डोळ्याला, जेवणालासुद्धा वेगळे शब्द. तुझ्याकडं सून सासऱ्याचं नाव तर घेत नाहीच, त्या नावासारखा वाजणारा शब्दही टाळते. मी म्हटलं, त्यात काय नवल, आत्यांना गॅसवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं की त्या अजून मेघाला पुढं करतात. तेव्हा तू इतका हसलास की फोन पडला तुझ्या हातातून. आता वाटतं, चार वर्षं आपण संसार केला तो एवढाच, एकमेकांना परके शब्द पाठवण्याचा.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. जोंगखातही आईला 'आई' म्हणतात. शाळा सुटली की पोरं फाटकाकडं 'आई' करत पळायची आणि मी दर वेळी वळून बघायचे. ती हाक माझ्यासाठी नाही हे कळत असूनही वळायचे. तू त्या शब्दाचं कौतुक केलं असतंस, आणि मला ते सोसलं नसतं, म्हणून बोलले नाही.

मी आले त्या दिवशी दार मेघानंच उघडलं. 'या, बसा' म्हणाली. ताटलीत ठेवून काचेच्या ग्लासातून पाणी आणलं, प्रवास कसा झाला ते विचारलं, मग म्हणाली, 'तुम्ही चहा घेणार का?' आत्या कौतुकानं म्हणाल्या, 'लई गुणाची लेक हाय. कशाचा म्हणून हट्ट नाय तिचा.' खरंच नाही रे. जेवायला मला आधी वाढते. माझ्या बॅगेला हात लावत नाही. कालचा फ्रॉक तिला आवडला नाही हे तोंडावर दिसत होतं, तरी 'छान आहे' म्हणून घडी घालून ठेवला. आठ वर्षांची पोर स्वतःच्या आईचा पाहुणचार करते. शेजारची लेकरं आपल्या आयांवर खेकसतात ना, तेव्हा मला त्या बायकांचा हेवा वाटतो.

आज सकाळी तिनं शांतपणे विचारलं, 'तुमचं परत जायचं तिकीट कधीचं आहे?' मी म्हटलं, 'आता नाही जायचं. शाळेला तसं कळवलंय.' ती एकदम फुटली. 'खोटं बोलतेस तू! मागच्या वेळीपण असंच म्हणालीस. जा ना मग! आत्ताच जा!' फ्रॉक भिरकावला, मला बुक्क्या मारल्या, दंडाला कडकडून चावली. आत्या धावत आल्या, त्यांना मी हातानंच थांबवलं. मग माझ्याच कुशीत शिरून रडत बसली, आणि मीही.

विश्वजीत, मी खरोखर कळवलंय. इथं काय काम मिळेल ठाऊक नाही, पुन्हा तासिकाच मिळतील बहुतेक. तू या सुट्टीत आला नाहीस, जानेवारीत आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करणार म्हणतोस. मेघा फोनवर किती शहाण्यासारखी बोलते, याचा तुला अभिमान वाटतो. ती तुझ्याशी पाहुण्यासारखी बोलते रे. सही करू नकोस, एवढं सांगायला हा कागद काढला. माझ्या दंडावर तिच्या दातांचे वण उठलेत आणि मला अजून कुणाला त्यावर हळद लावू द्यावीशी वाटत नाही. तुझ्या वाट्याचा राग तिनं पोटात धरून ठेवलाय. तो झेलायला ये.

तुझीच, वाटेकडं डोळे लावून बसलेली,
दीपमाला