भाचीचा पाय आणि सत्काराचा नारळ

कोऱ्हाळे बुद्रुक

ती. दाजी,
सावळारामचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला शेक चालू असेलच. इकडे सगळं ठीक आहे, फक्त आक्का माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला. (तिला वाचून दाखवा, पण तिचा चहा झाल्यावर.)

परवाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात कोऱ्हाळ्याकडून माझी निकिता आणि डाळजकडून तुमची प्रगती, दोघी पिचर, म्हणजे बॉल फेकणाऱ्या. अशा सामन्याला मी अंपायर कसा, असं आक्का आता साऱ्यांना विचारते. दोन्हीकडं घरचीच पोर, म्हणजे माणूस निःपक्षपातीच राहणार, असं संयोजक कुंडलिकरावांचं म्हणणं पडलं. (बोलावलेला अंपायर आलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

आता नियम असा की, पिचरनं फेकायच्या पाटीवरून पुढं उडी घेऊन पाय टेकवला आणि तिथून पुन्हा जोर लावून बॉल सोडला, तर ती फेक बेकायदा. प्रगतीनं नेमकं तेच केलं. पहिल्यांदा मी मामाच्या मायेनं समजावलं, तर म्हणते, "मामा, सुट्टीत तर तुमी म्हणला व्हता, लई झ्याक टाकती!" दुसऱ्यांदा मात्र मी नियमाप्रमाणं, बेकायदा फेकीची खूण म्हणून, मूठ आवळून डावा हात आडवा धरला. तेवढ्यात कुंडलिकराव शाल-नारळ घेऊन थेट मैदानात. अंपायरचा सत्कार सुरुवातीला राहून गेला होता. "सर, हात आडवा हायच, तवर उरकून घेऊ," म्हणत त्यांनी शाल हातावर टाकली, नारळ दिला आणि फोटोसाठी मला वळवलं. टाळ्या झाल्या. आक्काला वाटलं, तिच्या पोरीला चुकीचं ठरवल्याबद्दलच गाव माझा सत्कार करतंय!

तिन्ही बेस भरलेले होते. दंड म्हणून आमच्या बॅटरला चौथा बॉल (म्हणजे चौथी वाया फेक) मिळाला, ती न मारताच पहिल्या बेसवर गेली, पुढच्या एकेक बेस सरकल्या, आम्हाला फुकटची रन मिळाली आणि त्याच रननं आम्ही जिंकलो. प्रगती रडली. मलाही फार वाईट वाटलं, दाजी, पण अंपायरला नातंगोतं नसतं. एवढं आक्काच्या गळी उतरवा. राखीला तिनं दार लावून घेतलं तर मी कुणाकडं जाऊ?

तुमचा,
सावळाराम

ता. क. तुमच्या राजवर्धननं मोबाईलवर सामन्याचा व्हिडिओ काढलाय. त्यातला शेवटचा भाग तेवढा पुसायला सांगा. शेवटच्या फेकीला निकिताचा पायही तसाच पडला होता. मी हात आडवा करणारच होतो, पण हातात नारळ होता.

आणखी एक ता. क. राहू द्या, पुसू नका. निकितानं तो मागवून घेऊन सकाळीच आक्काला पाठवलाय. आत्ता आक्काचा फोन वाजतोय. मी उचलत नाही.